पालेगावातलं रेकॉर्डिंग

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. अंबरनाथ पूर्वेला माझा छोटा दवाखाना आहे आणि राहायला मी बदलापूरला, शिरगावात. जे सांगणार आहे ते आजवर मी तीनदाच सांगितलंय, आणि तिन्ही वेळा मला समोरच्याकडे बघता आलं नाही.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षी माझ्या एका वर्गमैत्रिणीचा फोन आला. ती लांबच्या एका मेडिकल कॉलेजात आमच्याच विषयाची विभागप्रमुख आहे. तिच्याकडचे शिकाऊ डॉक्टर वर्षभर कोविडच्या वॉर्डात राबत होते. बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांना जेमतेम डोकावता येत होतं.

"ही मुलं परीक्षा पास होतील गं," ती म्हणाली, "पण बाळ अंगावर पीत नाही म्हणून रडणाऱ्या बाईशी बोलायचं कसं, हे त्यांना कोण शिकवणार? तू दवाखान्यात रोज करतेस. व्हिडिओ कॉलवर शिकव."

मला आधी हसू आलं. बाळाला पाजायला शिकवणं हे हातानं करायचं काम. आईच्या पाठीमागे उशी सरकवायची, तिचे वर चढलेले खांदे खाली आणायचे, बाळाचं पोट तिच्या पोटाला टेकवायचं. हे लॅपटॉपवरून कसं शिकवणार? पण माझ्या दवाखान्यात तेव्हा आठवड्यातून दोन दिवस एक सिस्टर यायच्या. विठ्ठलवाडीला डेपोच्या मागे राहायच्या. आयुष्यभर प्रसूतीच्या वॉर्डात नोकरी करून रिटायर झालेल्या. त्यांना मी गंमत म्हणून हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "त्यात काय, मी होते आई."

पुढच्या आठवड्यात त्या एक कापडी बाहुली घेऊन आल्या. जुन्या परकराचं कापड, आत कापूस, डोकं मुद्दाम जड केलेलं, म्हणजे नीट आधार दिला नाही तर मान मागे पडावी. त्याच कापडाचं एक स्तनही शिवलं होतं, वर तपकिरी कापडाचा गोल. ते ड्रेसवरून बांधायचं, खांद्यावर ओढणी घ्यायची, केस थोडे विसकटायचे, की त्या दहा दिवसांच्या बाळंतीण व्हायच्या. कधी सासूच्या धाकातली, कधी एक शब्द न बोलणारी, कधी सारखी डब्याचं दूध मागणारी. पलीकडे आठ शिकाऊ डॉक्टर आपापल्या होस्टेलच्या खोल्यांत बसलेले असायचे. एकेकानं पाळीपाळीनं त्यांच्याशी बोलायचं, बाकीच्यांनी बघायचं.

पाळी संपली की सिस्टर ओढणी काढायच्या आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सांगायच्या, "डॉक्टर, तुम्ही मला चार प्रश्न विचारलेत. चारही वेळा माझं उत्तर यायच्या आत पुढचं बोललात." किंवा, "तुम्ही 'काळजी करू नका' म्हणालात ना, तेव्हा मला जास्त काळजी वाटली." मुलं खाली मान घालून लिहून घ्यायची. त्यांच्या एवढं उपयोगी कुणी काही बोलत असेल असं मला वाटत नाही. मी बोलायचे ते जास्त करून नियम. त्यातला एक तर प्रत्येक वेळी सांगायचे. आई 'दुखतंय' म्हणाली की आधी बाळ सोडवायचं. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून हळूच आत घालायची, पकड सुटली की बाळ बाजूला घ्यायचं, आणि मग बोलायचं. दुखत असताना शिकवायचं नाही.

दोन वर्षं हे छान चाललं. लॉकडाऊन संपला तरी वर्ग थांबला नाही. मैत्रीण इतर कॉलेजांत माझं कौतुक करायची. ते माझ्या कानावर यायचं आणि मला आवडायचं. ते किती आवडायचं हे तेव्हा कळलं नव्हतं.

मग एका वर्गात एक शिकाऊ डॉक्टर, शांत आणि अभ्यासू मुलगी, म्हणाली, "मॅडम, बोलायचं कसं ते आता कळलंय. पण बाहुली चोखत नाही. चुकीची पकड खरोखर कशी दिसते ते आम्हाला कधी दिसणार?" बरोबरच होतं तिचं. त्याच सुमाराला मैत्रिणीनं सांगितलं की पुढचा वर्ग कॉलेजच्या वरिष्ठांना दाखवायचा आहे, त्यांना आवडला तर तो कायमचा अभ्यासक्रमात येईल. तेव्हाच माझ्या मनात आलं, एक खरी आई आणायची.

ती मला आठवडाभरातच मिळाली.

पालेगावातल्या जुन्या घरांपैकी एका घरातली सून. आजूबाजूला टॉवर उभे राहिलेत, मधे यांचं कौलं उतरवून स्लॅब टाकलेलं घर. नवरा एमआयडीसीत शिफ्टला. लग्नाआधी ती उल्हासनगरला कापडाच्या दुकानात कामाला होती, गिऱ्हाइकांशी सिंधीत भाव करायची असं तिनंच नंतर सांगितलं. नऊ दिवसांची मुलगी घेऊन ती दवाखान्यात आली तेव्हा सासू पुढे होती आणि सासूच्या पिशवीत पावडरचा डबा होता.

"मॅडम, हिला दूधच नाय," सासू म्हणाल्या. "पोरगी रात्रंदिवस रडते. हा डबा चालंल का तेवढं सांगा."

मी डब्याकडे पाहिलंही नाही. मुलीला तपासलं, मग सासूंना म्हटलं, "काकू, जरा बाहेर बसता का?" दार लावून सुनेला म्हटलं, "दाखवतेस का मला, कशी पाजतेस ते?" तिनं मुलीला जवळ घेतलं आणि मुलीनं तोंड लावल्याबरोबर तिचे पाय जमिनीवरून वर उचलले गेले. दोन्हीकडे चिरा पडलेल्या होत्या. दूध भरपूर होतं. मूल नुसतं टोक पकडत होतं. सिस्टर आणि मी पाऊण तास तिच्यापाशी बसलो. निघताना उजवीकडची पकड नीट बसली होती, मुलीचा गिळल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, दुखत नाहीये." पुढच्या तीन-चार दिवसांत ती दोनदा येऊन गेली. डबा सासूंच्या पिशवीतून पुन्हा बाहेर आला नाही.

डावी बाजू मात्र अजून बरी झाली नव्हती. आणि मला, खरं सांगायचं तर, तीच डावी बाजू हवी होती.

तिसऱ्या वेळी आली तेव्हा मी तिला विचारलं. म्हटलं, आठ डॉक्टर आहेत, शिकतायत, तुझ्यासारख्या बायकांना मदत कशी करायची ते त्यांना बघायचंय. सिस्टर तुझ्या घरी येतील, त्यांच्या मोबाइलवरून होईल, तुला कुठे जायला नको.

तिनं जरा वेळ मुलीच्या टोपीची नाडी सोडली आणि परत बांधली. मग विचारलं, "पुरुष डॉक्टर पण असतील?"

"असतील. पण डॉक्टर म्हणून."

"रेकॉर्ड वगैरे नाही ना होणार?"

"नाही गं," मी म्हटलं. "फक्त तेवढ्यापुरतं."

"आईंचं काही नाही. ह्यांना... ह्यांना मी नंतर सांगते."

इथे मी थांबायला हवं होतं. ती नवऱ्याला आत्ता सांगू शकत नाही, म्हणजे तिला पूर्ण पटलेलं नाही, एवढं मला कळत होतं. बाईला नाही म्हणता येईल अशी जागा ठेवून विचारायचं, हे मी मुलांना शिकवत होते. आणि जिच्यामुळे आपलं मूल रडायचं थांबलं, तिला ही मुलगी नाही कशी म्हणणार होती? मी तिला संमतीच्या एका फॉर्मवर सही करायला लावली. तिनं न वाचता केली. मैत्रिणीनं फोनवर विचारलं, "परवानगी घेतलीस ना?" मी म्हटलं, "घेतली."

वर्गाच्या दिवशी सकाळी अकराला मी शिरगावच्या घरी लॅपटॉप उघडून बसले. सिस्टर पालेगावात पोचल्या होत्या. पडद्यावर एकेक चौकोन उघडला, आठ मुलं, मैत्रीण, आणि एका मोठ्या चौकोनात पालेगावातली खोली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पलंग, पलंगावर ती, नवा गाऊन घालून, केस विंचरून. या कार्यक्रमासाठी ती तयार होऊन बसली होती. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता, रेकॉर्डिंग चालू असलं की येतो तो.

तो ठिपका मला दिसला होता. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की घाईत लक्ष गेलं नसेल. पण दिसला होता. माझ्या डोक्यात असंही आलं होतं की नंतर विचारू, आत्ता सगळे जमलेत. मग मी बोलायला सुरुवात केली.

वर्ग अप्रतिम झाला. मुलं शहाण्यासारखी वागली. त्या शांत मुलीनं तिच्याशी बोलायला सुरुवात केली ती आधी परवानगी घेऊन, मग बाळाचं कौतुक करून. उजवीकडे पाजून झालं, मग डावीकडे. सिस्टरनी मोबाइल जवळ नेला. मी काय दिसतंय ते समजावून सांगितलं, हनुवटी कुठे आहे, खालचा ओठ कसा आत वळलाय, गाल कसे खोल जातायत. नंतर पकड सुधारली, तीही सगळ्यांना दिसली. शेवटी सगळ्यांनी पडद्यावर टाळ्या वाजवल्या. मैत्रीण म्हणाली, "इतकी वर्षं शिकवतेय, असं कधी बघितलं नव्हतं." मी त्या दिवशी जेवताना नवऱ्याला हेच वाक्य दोनदा सांगितलं.

तीन आठवड्यांनी पुढचा वर्ग होता, नेहमीचा, बाहुलीचा. सुरू व्हायच्या आधी ती शांत मुलगी म्हणाली, "मॅडम, तो मागचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. आता वॉर्डात लगेच लक्षात येतं."

"कुठला व्हिडिओ?" मी विचारलं.

"पालेगावच्या आईंचा. विभागाच्या फोल्डरमध्ये आहे ना. आम्ही सगळ्यांनी उतरवून घेतलाय."

सिस्टर माझ्या शेजारीच बसल्या होत्या, ओढणी घेऊन, बाहुली मांडीवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बाहुलीचं डोकं हातानं सरळ केलं आणि तिथेच हात ठेवला.

तो वर्ग मी कसा घेतला आठवत नाही. संपल्यावर मैत्रिणीला फोन लावला. वरिष्ठांना दाखवायचं म्हणून विभागातल्या क्लार्कनं रेकॉर्डिंग लावलं होतं, तिनंच सांगितलं होतं त्याला. "अगं पण तू म्हणालीस परवानगी आहे," ती म्हणाली. तिची चूक नव्हती. मी कसली परवानगी आहे ते सांगितलं नव्हतं. वरिष्ठांनी ते अजून पाहिलं नव्हतं. फोल्डरमधलं तिनं त्याच दिवशी काढलं. मग मी आठही मुलांना एकेक करून फोन केला. मोबाइलमधून, लॅपटॉपमधून, सगळीकडून काढा म्हटलं. सगळे लगेच हो म्हणाले. एकानं विचारलं, "मॅडम, काही झालं का?" मी म्हटलं, "नाही, नियम आहे." तेही खोटंच बोलले.

त्यांनी काढलं असेल. मला ती मुलं माहीत आहेत. पण असेल म्हणजे असेल, त्यापुढे मला काही म्हणता येत नाही.

आता त्या आईला सांगायचं राहिलं होतं, आणि मी सांगितलं नाही. स्वतःशी कारणं तयार केली. व्हिडिओ आता कुठेच नाही, मग कशाला तिला त्रास. ओली बाळंतीण, मनाला लागलं तर दूध कमी होईल. हे शेवटचं कारण मी स्वतःला डॉक्टरच्या आवाजात सांगत होते.

चार दिवसांनी ती मुलीला दीड महिन्याच्या लसीसाठी घेऊन आली. मुलीचं वजन छान वाढलं होतं. लस टोचताना मुलगी ओरडली, तिनं लगेच छातीशी घेतली आणि मुलगी शांत झाली. दुखलं नाही, पाय उचलले गेले नाहीत. "आता दोन्हीकडे घेते," ती म्हणाली. "मॅडम, तुम्ही होतात म्हणून. नाहीतर डब्यावरच गेलो असतो आम्ही." सासूंनी घरच्या तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. मी त्या घेतल्या.

ती गेल्यावर सिस्टर लशीचा ट्रे पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "सांगितलंत का तिला?"

"सांगणार आहे."

"मोबाइल मी धरला होता मॅडम," त्या म्हणाल्या. "तिच्या सासूनं मला चहा दिला, हातात चोळीचा खण ठेवला. मी वॉर्डात तीस वर्षं काढली, बायकांना पडद्याआड घेतल्याशिवाय कधी हात लावला नाही. तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते. पण माझ्याकडून कळलं तर ते बरं दिसणार नाही."

एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. त्या आठवड्यात दवाखान्यात आल्या, काम केलं, पण माझ्याबरोबर डबा खायला बसल्या नाहीत.

मला तरी अजून दहा दिवस लागले.

एका मंगळवारी दुपारी मी पालेगावला गेले. एकटीच गेले, सिस्टरना नाही नेलं. मैत्रिणीकडून ते रेकॉर्डिंग मी मागवून घेतलं होतं. ती म्हणाली, तिच्याकडे ही शेवटची प्रत होती, मला पाठवून तीही काढून टाकतेय. ते माझ्या मोबाइलमध्ये होतं. त्या आईसमोर काढून टाकायचं असं मी ठरवलं होतं. तेवढं केलं की आपण काहीतरी केलं असं होईल, असा माझा हिशेब.

सासूंनी मला बघून दारातच विचारलं, "पोरीला काय झालंय का मॅडम?" मी म्हटलं, "नाही काकू, जवळच आले होते." त्या खूश झाल्या. चहा ठेवायला आत गेल्या. ती पलंगावर मुलीला घेऊन बसली होती. त्याच तसबिरीखाली, त्याच पलंगावर. मला ती खोली पडद्यावरून माहीत होती, आत पहिल्यांदाच येत होते.

मी सरळ सांगितलं. सगळं तिच्या कानावर घातलं, रेकॉर्ड झालं होतं, तीन आठवडे ते आठ जणांकडे होतं, आता काढलंय, पण मी खात्री देऊ शकत नाही. मी तुला रेकॉर्ड होणार नाही म्हटलं होतं आणि कॉलेजात नीट विचारून घेतलं नव्हतं. लाल ठिपक्याचंही सांगितलं. बोलताना मी तिच्या हाताकडे बघत होते. मुलीच्या पाठीवर तिचा हात थोपटत होता. मधे थांबला, मग परत थोपटायला लागला.

"माझा चेहरा दिसतो त्यात?" तिनं विचारलं.

"दिसतो."

"ह्यांना कळता कामा नये," ती हळू आवाजात म्हणाली. "आईंना पण नाही. घरात कुणालाच नाही. तुम्ही बोलू नका, सिस्टरना पण सांगा."

मी हो म्हटलं. "मी चुकले," असंही म्हटलं. सासू चहा घेऊन आल्या, ठेवून परत आत गेल्या. मी मोबाइल काढला आणि म्हटलं, "हे आता तुझ्यासमोर काढून टाकते."

"थांबा," ती म्हणाली. "मला बघू दे आधी."

मला हे अपेक्षित नव्हतं. मी तिच्या हातात मोबाइल दिला, आवाज अगदी कमी केला. ती बघत राहिली. मुलगी मांडीवर झोपली होती. मी चहाचा कप धरून बसले होते, आणि माझा स्वतःचा आवाज मोबाइलमधून येत होता, भारदस्त, समजावून सांगणारा. किती वेळ बोलतेय मी, असं मनात आलं.

मग तिनं एका जागी बोटानं थांबवलं. जरा मागे नेलं. परत लावलं. आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

डावीकडे पाजायला घेतल्यानंतरचा भाग होता तो. ती म्हणते, "मॅडम, दुखतंय." स्पष्ट म्हणते. आणि त्यावर माझा आवाज येतो, "हो, हो, जरा थांब हं, एक मिनिट तसंच धर. डॉक्टर, बघा सगळ्यांनी, चुकीची पकड ती हीच. सिस्टर, मोबाइल थोडा जवळ." मग मी हनुवटीबद्दल सांगते. ओठाबद्दल सांगते. गालांबद्दल सांगते. एका मुलानं प्रश्न विचारला, त्याचं उत्तर देते. मोबाइल वरून धरलेला होता, म्हणून पडद्याच्या खालच्या कडेला तिचे पाय दिसत होते. तळवे जमिनीवरून उचललेले, बोटं आत वळलेली. एक मिनिट नव्हतं ते. मी मोबाइलवरचे आकडे बघत होते. जवळजवळ तीन मिनिटं. शेवटी सिस्टरचा हात चित्रात आला, त्यांनी मला न विचारता करंगळी घालून मूल सोडवलं. आणि मी म्हणते, "हां, आता सिस्टर सोडवतायत ते बघा."

"इथे मी म्हटलं होतं, दुखतंय," ती म्हणाली.

तिनं आरोप केला नाही. ती नुसती मला दाखवत होती, जसं दुकानात गिऱ्हाइकाला कापडातली गाठ दाखवावी. मला वाटतं तिला स्वतःलाच खात्री करून घ्यायची होती. त्या दिवशी आपण खरंच बोललो होतो की नुसतं मनात म्हटलं होतं, एवढं तिला बघायचं होतं.

मला तो क्षण आठवतच नव्हता. रेकॉर्डिंगचं पाप मी पंधरा दिवस डोक्यात घेऊन फिरत होते, लाल ठिपका आठवून आठवून मेले होते, आणि हे मला आठवतही नव्हतं. आठ डॉक्टरांनी ते पाहिलं होतं. एकजणही बोलला नाही. कसे बोलतील, मॅडम शिकवत होत्या. त्या शांत मुलीनं तर तीनदा पाहिलं.

मी काय बोलले ते नीट आठवत नाही. 'माफ कर' म्हटलं असेन. ती म्हणाली, "काढून टाका आता." मी काढून टाकलं, तिला दाखवलं. तिनं मुलीला पलंगावर ठेवलं आणि चहाचे कप उचलून आत गेली. तिथून बाहेर आली नाही. सासूंनी मला गेटपर्यंत सोडलं, येत जा म्हणाल्या.

दवाखान्यात सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं ते. मोबाइल माझ्याच हातात होता, मला तिचे पाय दिसत होते. एका हातानं धरू का सोडवू, असं झालं होतं मला." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी पण लवकर सोडवायला हवं होतं." त्या दिवशी आम्ही डबा एकत्र खाल्ला.

पुढच्या वर्गात मी मुलांना सांगितलं. बाईचं नाव, गाव, काही न काढता, पण त्यांना माहीतच होतं. म्हटलं, तुम्ही जो वर्ग पाहिलात त्यात एका बाईनं दुखतंय म्हटलं आणि शिकवणारीनं तीन मिनिटं तिला तसंच ठेवलं. ती शिकवणारी मी. रेकॉर्डिंगही तिला न सांगता झालं होतं, आणि फोनवर मी तुम्हाला नियम आहे म्हणून काढायला सांगितलं, तेही खरं नव्हतं. मग ती शांत मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्या लक्षात आलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना. मला वाटलं शिकवण्यासाठी तेवढं चालत असेल. परवा वॉर्डात मी पण एका आईला तसंच थांबवलं, ज्युनिअरना दाखवायला." ती रडकुंडीला आली होती. मी तिला काय समजावणार. मी इतकंच म्हटलं, "उद्या तिच्याकडे जा. असेल अजून वॉर्डात तर."

कॉलेजच्या वरिष्ठांना दाखवायला आता काही नव्हतं. वर्ग अभ्यासक्रमात गेला नाही, नुसताच चालू राहिला. मैत्रीण थोडी नाराज होती, नंतर बोलायला लागली. तेव्हापासून खरी आई आम्ही कधी आणली नाही. सिस्टर आणि बाहुली, तेवढ्यावरच चालतं. सिस्टर आता मधेच मलाही थांबवतात, "मॅडम, तुम्ही फार बोलताय," मुलांसमोर म्हणतात. बरं वाटतं असं नाही म्हणणार. पण थांबते.

अडीच महिन्यांच्या लसीला ती आली नाही. साडेतीन महिन्यांच्याही नाही. रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढची जागा रिकामी बघून मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. लस कुठेतरी घेतली असेल, पालेगावात आरोग्य केंद्राची ताई येते. माझ्या फोननं तिच्यावर परत मला नाही म्हणायची वेळ आली असती, एवढंच झालं असतं.

वर्षभरानंतर सासू आल्या. नातीला कडेवर घेऊन, एकट्याच. मुलीला सर्दी-ताप होता. मुलगी गुटगुटीत, पायात वाळे, माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत होती.

"सून परत कामाला लागली, उल्हासनगरला," सासू म्हणाल्या. "मी म्हटलं तुमच्याकडंच न्यायची, तर ती म्हणते दुसरीकडं जा. काय झालंय मॅडम? मला काय सांगत नाय ती. तुमचं काय बोलणं झालं होतं का?"

मी मुलीच्या छातीवर नळी ठेवली होती, त्यामुळे लगेच उत्तर द्यावं लागलं नाही. छाती साफ होती. मी जरूरीपेक्षा जास्त वेळ ऐकत राहिले.

"तिला लांब पडत असेल काकू," मी म्हटलं.

"लांब कशाला, पालेगाव ते हितं." त्या हसल्या. "मी मात्र सगळ्यांना सांगते. शेजारची सून आहे, तिला पण पाठवते तुमच्याकडं. आमची पोरगी तुमच्यामुळं अंगावर पिऊन एवढी झाली."

मी औषध लिहून दिलं, किती वेळा द्यायचं ते सांगितलं, ताप उतरला नाही तर परवा आणा म्हटलं. त्या नातीला म्हणाल्या, "मॅडमला टाटा कर." तिनं केला. मी पण केला. दार लागल्यावर सिस्टरनी पुढचा पेशंट आत पाठवायला दोन मिनिटं उशीर केला, आणि मी त्या दोन मिनिटांत खुर्चीतून उठले नाही.